समजून घ्या : 'मला काय व्हायचंय?' हे पंधराव्या वर्षी कळतं का? बीडच्या मुलांना हा प्रश्न जड का जातो?

दिवाळी सरली की धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन लागतात. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, ज्वारी-बाजरीची पोती चढवून ऊसतोड कुटुंबं कारखान्यांच्या गावी निघतात. आठवी-नववीतल्या पोरीचं काय करायचं, हे त्याच गडबडीत ठरतं. आजीजवळ ठेवायचं की धाकट्या भावंडांना सांभाळायला सोबत न्यायचं? तिला काय वाटतं, हे विचारायला कुणाला सवड नसते.

बीड, परळी, अंबाजोगाई या शहरांत चित्र वेगळं दिसतं. दहावीचा निकाल लागला की घरात चर्चा सुरू होते : लातूर की छत्रपती संभाजीनगर, नीट की जेईई? मुलाला विचारलं जातं, पण बऱ्याचदा शिकवणीची चौकशी आधीच झालेली असते.

एका घरात पैसा नाही, दुसऱ्या घरात आहे. पण स्वतःला ओळखायला लागणारा वेळ दोन्हीकडच्या मुलांना कमीच मिळतो.

या वयात डोक्यात नेमकं काय चालतं?

जागतिक आरोग्य संघटना 10 ते 19 या वयाला किशोरवय मानते. या काळात उंची वाढते, आवाज फुटतो, पाळी सुरू होते, हे सगळ्यांना दिसतं. मेंदूची बांधणीही याच काळात बदलत असते, ती दिसत नाही. बक्षीस, थरार, कौतुक यांना प्रतिसाद देणारा मेंदूतला भाग लवकर तापतो. कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत राहतो. पुढचा विचार करणं, स्वतःला आवर घालणं ही कामं त्याच्याकडे असतात. गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर आधी बसवला आणि ब्रेकचं काम अजून चालू आहे, असं काहीसं.

मित्रांचा प्रभावही या वयात सर्वाधिक असतो. अमेरिकेत 2005 मध्ये गार्डनर आणि स्टाइनबर्ग या संशोधकांनी मुलांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. सोबत मित्र असताना किशोरवयीन मुलांनी एकट्याने खेळतानापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करला. मोठ्या माणसांत असा फरक जवळपास दिसला नाही. 'एकटा असतो तेव्हा शहाण्यासारखा वागतो, पोरांत गेला की काय होतं कळत नाही,' ही आईची तक्रार म्हणजे याच प्रयोगाचा निष्कर्ष.

झोपेचंही तसंच. या वयात झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं. त्यामुळे पहाटे चारला उठून अभ्यास कर, हा आपल्याकडचा आवडता सल्ला पंधरा वर्षांच्या शरीराला फारसा मानवत नाही.

'मी कोण?' याची चार उत्तरं

किशोरवयाचं मुख्य काम म्हणजे स्वतःची ओळख घडवणं, हे मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी मांडलं. खुद्द त्यांना आपले जन्मदाते वडील कोण हे माहीत नव्हतं. शाळा संपल्यावर ते चित्रकार म्हणून युरोपभर भटकले आणि पुढे अमेरिकेचं नागरिकत्व घेताना आडनावही बदललं. (महात्मा गांधींवर मोठा अभ्यासग्रंथ लिहिणारे एरिक्सन ते हेच.)

जेम्स मार्सिया यांनी 1966 मध्ये ही कल्पना दोन सोप्या प्रश्नांवर आणली. तुम्ही वेगवेगळे पर्याय धुंडाळले का? आणि एखादा पर्याय मनापासून धरला का? दोन्ही 'नाही' असेल तर मूल अजून भरकटलेलं आहे. धुंडाळणं चालू आहे पण ठरलेलं नाही, तर ते शोधात आहे. धुंडाळून ठरवलं, तर ओळख सापडली. चौथा प्रकार आपल्या कामाचा : काहीच न धुंडाळता ठरून गेलेली ओळख. असं मूल बाहेरून अगदी शहाणं, स्थिर दिसतं. पण निर्णय दुसऱ्याचा असतो, आणि तो बोचू लागतो तेव्हा उशीर झालेला असतो.

मी इंजिनिअरिंगला गेलो, कारण दहावीला गणितात गुण चांगले होते. दुसरं कारण आजही सांगता येत नाही. चार वर्षांनी पदवी हातात आली तेव्हा कळलं की मला मशीनपेक्षा माणसांच्या गोष्टींत जास्त रस आहे. माझं फार बिघडलं नाही, कारण परत फिरायला घरच्यांनी वेळ दिला. ही सोय सगळ्यांना नसते.

कोयता, उचल आणि लग्न

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाची उचल जोडीच्या हिशोबाने मिळते. त्यामुळे पोरगं हाताशी आलं की त्याचं लग्न लावून नवा कोयता उभा करणं घराला फायद्याचं वाटतं. वयात आलेल्या मुलीला गावी एकटी ठेवायची भीती आणि फडावरच्या कोपीत नेण्याचीही भीती, यातूनही लग्न लवकर उरकलं जातं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) बीड जिल्ह्यात 20 ते 24 वयाच्या महिलांपैकी 43.7 टक्के जणींचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालं होतं. राज्याचा आकडा 21.9 टक्के, म्हणजे बीडच्या साधारण निम्मा. मार्सियांच्या भाषेत या मुलींची ओळख धुंडाळण्याआधीच ठरून गेली. 'बालविवाह' म्हटलं की आपण आरोग्य आणि कायदा यांवर बोलतो, ते योग्यच आहे. पण आपल्याला काय आवडतं हे कळण्याआधीच सून आणि आई व्हावं लागणं, हे नुकसान कोणत्याच तक्त्यात येत नाही.

यावर उपाय अगदीच नाहीत असं नाही. स्थलांतराच्या काळात मुलं गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहं चालतात. संत भगवानबाबा यांच्या नावाने 41 तालुक्यांत ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी 82 वसतिगृहांची योजना राज्याने 2021 मध्ये मंजूर केली. शिरूर कासार तालुक्यात आर्वीचा 'शांतिवन' प्रकल्प दोन दशकांहून अधिक काळ अशा मुलांना सांभाळतो आहे. वसतिगृहात मुलाला जेवण आणि शाळा तर मिळतेच, शिवाय निर्णय दोन-चार वर्षं पुढे ढकलला जातो. माझ्या मते तिथली सर्वात मोलाची गोष्ट हीच.

कलचाचणी आणि शाळेतला 'स्वविकास'

मुलांचा कल कळावा म्हणून राज्य मंडळाने 2016 मध्ये दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी सुरू केली. कृषी, वाणिज्य, तांत्रिक, ललित कला, आरोग्य विज्ञान, गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कुठे आहे, हे ती सांगायची. कोरोनाकाळात त्यात खंड पडला. हेतू चांगला होता, पण अशा चाचणीची एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी. मुलाने जे पाहिलंय त्यातूनच तो निवडतो. ज्या गावात पोलीस, शिक्षक, डॉक्टर आणि मुकादम एवढीच माणसं दिसतात, तिथल्या मुलाला डिझायनर किंवा भूगर्भशास्त्रज्ञ व्हावंसं कसं वाटणार? पहाटे भरतीसाठी रस्त्यावर धावणाऱ्या पोरांतल्या सगळ्यांनाच खाकीची ओढ असते असं नाही. समोर दिसणारी वाट तेवढीच असते.

बालभारतीचं 'स्वविकास व कलारसास्वाद' हे नववी-दहावीचं पुस्तक याच कामाचं आहे. पण या विषयाला गुण नाहीत, श्रेणी आहे. टक्केवारीत न धरलेल्या तासाचं वेळापत्रकात काय होतं, हे शाळेत गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

अविनाश साबळेला वाट कधी सापडली?

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. आई-वडील वीटभट्टीवर कामाला, शाळा काही किलोमीटर लांब. बारावीनंतर तो सैन्यात गेला, सियाचीनला तैनात झाला. स्पर्धेतल्या धावण्याकडे तो वळला 2015 मध्ये, वय 21. तीन हजार मीटर स्टीपलचेस त्याने त्याच्याही नंतर, 2017 च्या सुमारास धरली. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याला रौप्य मिळालं, 2023 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणि 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी. दहावीत असताना त्याला 'तुझं ध्येय काय?' असं विचारलं असतं, तर उत्तरात स्टीपलचेस नक्कीच नसती.

बोलायचं तर कुणाशी?

मूल अचानक गप्प झालं, शाळा नको म्हणू लागलं, खाणं-झोप बिघडली आणि हे दोन आठवड्यांहून अधिक टिकलं, तर 'वयच तसं आहे' म्हणून सोडून देऊ नये. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री क्लिनिक' असतात. तुमच्या तालुक्यात ते कोणत्या दिवशी चालतं हे आशाताईंना विचारा. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. 'टेलिमानस'चा 14416 हा क्रमांक मोफत असून तिथे मराठीत बोलता येतं. लग्न लावून दिलं जात असेल तर 1098 वर चाइल्डलाइनला कळवता येतं. हे दोन्ही फोन मूल स्वतःही करू शकतं.