शिक्क्यापेक्षा पेटी मोठी!

आजचा भाग कोरियाच्या राजमुद्रांवर. पण मला मुद्रांपेक्षा त्यांच्या पेट्यांबद्दल जास्त बोलायचंय.

आधी एक फरक समजून घेऊ. जोसोन राजवटीत (१३९२ ते १८९७) दरबारी मुद्रा दोन प्रकारच्या होत्या. पहिली 'गुक्से', म्हणजे राज्याचा शिक्का. सरकारी कागदांवर शिक्कामोर्तब व्हायचं ते हिनेच. दुसरी 'ओबो'. राजा, राणी किंवा युवराजाला पदवी दिली, की ती कोरलेली ही मुद्रा मिळायची. तिने रोजचा कारभार चालत नसे, ती मानाची वस्तू. मूठ बहुतेक वेळा कासवाची. मालक वारल्यावर ती सोलमधल्या जोंगम्यो या राजघराण्याच्या पूर्वजमंदिरात ठेवत.

आता पॅकिंग बघा. मुद्रा आधी कापडात गुंडाळायची. मग 'बोथोंग' या आतल्या पेटीत. तिच्यावर परत कापड. मग 'बोरोक', म्हणजे बाहेरची पेटी: लाकडी, वर चामडं चढवलेली. तिला कुलूप, आणि किल्लीला वेगळी पिशवी! राज्याच्या शिक्क्याच्या लाल शाईलासुद्धा स्वतःच्या पेट्या होत्या.

एवढा खटाटोप कशाला? कारण कागदावर फक्त ठसा दिसतो, तो मारणारा हात दिसत नाही. शिक्का ज्याच्या हाती, हुकूम त्याचा. म्हणून खरी राखण पेटीची.

हे गावोगावच्या अधिकाऱ्यांनाही लागू होतं. त्यांच्या शिक्क्याच्या पेटीला 'इनग्वे' म्हणत. चुनह्यांगच्या लोकप्रिय कथेत मेजवानी रंगात आलेली असताना राजाचा गुप्त तपासनीस प्रकट होतो. अधिकाऱ्यांची अशी पळापळ होते, की शिक्क्याची पेटी राहते मागे आणि हातात येते मिठाई! ऐकणारे हसायचे, कारण पेटी गेली म्हणजे अधिकार गेला, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

पुढे कोरियन युद्धात तर कुलपंही कामी आली नाहीत. एका अमेरिकन सैनिकाने नेलेल्या ९ मुद्रा २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या दौऱ्यात कोरियाला परत मिळाल्या. २०१७ मध्ये युनेस्कोने ३०० हून अधिक ओबो, सोबतच्या पदवीग्रंथांसह, जागतिक स्मृती नोंदवहीत घेतल्या.

कधी सोलला गेलात, तर ग्योंगबोकगुंगच्या आवारातल्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात जा. सोनेरी कासव बघाच, पण शेजारच्या पेटीकडेही जरा थांबा.

भेटू पुढच्या भागात!