नितळ पाणी आणि दह्याचं विरजण

मागच्या आठवड्यात गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "आमच्या विहिरीचं पाणी काचेसारखं नितळ आहे. मग गॅस जाळून उकळायचं कशाला?" आज त्याबद्दलच बोलू.

आधी आपलं रोजचं दही बघा. रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण घालतो, सकाळी दही लागलेलं असतं. विरजणात डोळ्यांना न दिसणारे जीवाणू असतात. ते दुधातली साखर खातात आणि आम्ल तयार करतात, म्हणून दूध आंबट, घट्ट होतं. हे जीव इतके बारीक, की पट्टीवरच्या एका मिलीमीटरात पाचशेच्या आसपास रांगेत मावतील. ऊब आणि खाणं मिळालं की काही जीवाणू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. त्या हिशेबानं आठ तासांत एकाचे दीड कोटीच्या वर!

पण सगळेच जीवाणू दह्यातल्यासारखे गुणाचे नसतात. कॉलरा, टायफॉइडचे जीवाणूही असेच बारीक. ते पाण्यात असले तरी रंग, वास, चव काही बदलत नाही.

हे मी अनुभवानं शिकले. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर सांगलीकडच्या गावागावांत शिरला. पाणी ओसरल्यावर आम्ही विहिरीचं पाणी तुरटी फिरवून, गाळून प्यायलो. चांगलं नितळ दिसत होतं. दोन दिवसांत माझ्या लेकाला जुलाब लागले, सलाईन लावावं लागलं. तुरटीनं गाळ खाली बसतो, सगळे जंतू मरत नाहीत, हे डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं.

मग जंतू मरतात कशानं? उत्तर तुम्हाला माहीत आहे. कढत दुधात विरजण घातलं तर दही लागतं का? नाही, कारण त्यातले जीवाणू मरतात. पाण्याचंही तसंच. खळखळ उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू द्या. झाकून निवू द्या आणि ओगराळ्यानंच घ्या. हात बुडवला की जंतू परत आत.

गॅस परवडत नसेल, तर पाणी गाळून क्लोरीनचं औषध घाला. आशाताईंकडे विचारा. बाटलीवर लिहिलंय तेवढेच थेंब घालून ढवळा, अर्धा तास झाकून ठेवा, मग प्या.

पावसाळा तोंडावर आहे. पुढच्या बैठकीत हप्त्याबरोबर पिण्याच्या पाण्याचीही चौकशी करू. येते मी, नमस्कार!