धावणाऱ्या लेकरांना किलोमीटरचा हप्ता

वनरक्षक भरतीची जाहिरात आली की वरोऱ्याच्या रस्त्यांवर पहाटे मुले-मुली धावताना दिसतात. भरतीत मुलांना 5 आणि मुलींना 3 किलोमीटर धावायचे असते. म्हणून पहिल्याच दिवशी दहा किलोमीटर! आठवडाभरात नडगी दुखते आणि लेकरू घरी बसते.

कपाशीला सगळा युरिया आपण एकाच वेळी देतो का? हप्त्याने देतो. किलोमीटरचेही तसेच आहे.

न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड आपल्या धावपटूंना आठवड्याला शंभर मैल, म्हणजे 160 किलोमीटर धावायला लावत. त्यांचे शिष्य पीटर स्नेल यांनी 1960 साली रोम ऑलिंपिकमध्ये 800 मीटरचे सुवर्णपदक जिंकले. पण हे अंतर हळूहळू वाढवलेले असे आणि बरेचसे दम न लागता कापलेले.

आपल्या मुलांनी आठवड्याला 15 किलोमीटरपासून सुरुवात करावी. वेग इतकाच, की सोबत्याशी बोलता यावे. दर आठवड्याला एक-दोन किलोमीटर वाढवावे, चौथ्या आठवड्यात थोडे कमी करावे आणि एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. जेवणात भाकरीबरोबर तुरीचे वरण, हिरवी भाजी, जमल्यास अंडी असू द्या.

आणखी एक. आपल्या भागात सिकलसेल आहे. धावणे सुरू करण्याआधी सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या. सिकलसेलच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय धावू नये. वाहक असला तरी उन्हात, तहानलेल्या अंगाने जोर लावणे जिवावर बेतू शकते.

मृगाआधीच आपण जमीन तयार ठेवतो. मग लेकरांच्या पायांसाठी जाहिरातीची वाट कशाला?