हसऱ्या गणवेशामागे

मैत्रिणींनो, १९८९ मध्ये सुरू झालेल्या गोराईच्या ‘एस्सेलवर्ल्ड’ला मुलांना घेऊन होडीने गेलेल्या तुमच्यापैकी कितीतरी जणी असतील. पाळण्याचा पट्टा आवळून देणारी, गणवेशातली हसतमुख मुलगी आठवते का? आपली सुट्टी म्हणजे तिच्या कामाची घाई!

उद्या तुमच्या लेकीने अशा उद्यानात नोकरी धरली, तर पहिल्याच दिवशी तिला विचारायला सांगा: गणवेशाचा खर्च कुणाचा? मध्ये टेकायला स्टूल मिळेल ना? २०१९ ची वेतनसंहिताही तिला समजावा. सारख्या कामाला पुरुषाइतकाच पगार, जादा कामाला निदान दुप्पट दर. आणि दंड केलाच, तर तिचं म्हणणं ऐकून, महिन्याच्या पगाराच्या ३ टक्क्यांच्या आत.

हसणं नोकरीत येतं. हिशेब विचारायला लाजणं नव्हे!