देणाऱ्याने कुठे बसावे?

संत लूकच्या शुभवर्तमानातील चौदाव्या अध्यायात एका भोजनाचा प्रसंग आहे. शब्बाथाच्या दिवशी प्रभू येशू एका प्रमुख परुश्याच्या घरी जेवावयास गेले होते. आमंत्रित मंडळी मानाची आसने निवडीत आहेत, हे त्यांच्या दृष्टीस पडले. तेव्हा त्यांनी पाहुण्यांना स्वतःहून शेवटची जागा पत्करण्याचा उपदेश केला. मग ते यजमानाकडे वळले. उलट आमंत्रण देऊ शकतील अशा मित्रांना, नातलगांना आणि श्रीमंत शेजाऱ्यांना न बोलावता गरीब, लुळे, लंगडे व आंधळे यांना बोलवावे, असे त्यांनी त्यास सांगितले.

हा उतारा उपासना-वर्ष 'क' मधील सामान्य काळाच्या बाविसाव्या रविवारी वाचला जातो. त्यातील पहिला उपदेश नम्रतेचा आणि दुसरा औदार्याचा, अशी विभागणी आपण सहज करतो. परंतु दोन्ही उपदेश एकाच मेजावर, एकाच वेळी झाले आहेत. त्यामागे एकच विचार आहे. पुढचे आसन शोधणारा पाहुणा आणि परतीच्या आमंत्रणावर डोळा ठेवणारा यजमान हे दोघेही मनात हिशेब मांडून बसलेले असतात. एकाला मान हवा असतो, दुसऱ्याला परतफेड. प्रभू या दोघांचाही हिशेब मोडून काढतात.

आहेराची वही

आपल्याकडील लग्नघरात आहेराची वही असते. कोणी किती दिले, याची तीत नोंद होते आणि त्यांच्या घरच्या कार्यात तितकाच, किंबहुना थोडा अधिक, आहेर परत केला जातो. या रिवाजात गैर काही नाही. त्याने नाती टिकतात आणि अडचणीच्या वेळी कार्यही पार पडते. मात्र हीच वही घेऊन आपण दानधर्माकडे वळलो, तर घोटाळा होतो. चर्चला दिलेल्या बाकावर आपले नाव किती ठळक आहे, आभार मानताना कोणाचे नाव आधी घेतले, मदत मिळालेले कुटुंब आपणांस रस्त्यात नमस्कार करते की नाही, या साऱ्या त्या वहीतल्याच नोंदी होत. पैसा हातून सुटला, तरी मूठ मिटलेलीच राहते.

दोन तांब्याची नाणी

संत मार्कच्या बाराव्या अध्यायातील गरीब विधवेकडे या दृष्टीने पाहावे. यरुशलेमच्या मंदिरात दान टाकण्यासाठी कर्ण्याच्या आकाराच्या तेरा पेट्या होत्या, असे यहुदी परंपरा सांगते. त्या भांडारापाशी येऊन तिने दोन लेप्टा टाकली. मजुराचा दिवसाचा रोज एक दिनार असे आणि एका दिनाराची १२८ लेप्टा होत. म्हणजे तिचे दान दिवसाच्या मजुरीच्या चौसष्टाव्या हिश्श्याचे होते. आज ६४० रुपये रोज मिळवणाऱ्या मजुराचे जणू १० रुपये! एवढ्या रकमेसाठी कोणी पाटी लावीत नाही, हे तिलाही ठाऊक असावे. तिच्यापाशी देण्याजोगा गर्वच नव्हता. होती ती उपजीविका, आणि ती तिने दिली. प्रभूंनी तिला बोलावून तिची स्तुती केली नाही. ते शिष्यांशी बोलले. आपली नोंद झाली, हे तिला कळले असेल असे शुभवर्तमानात कोठेही नाही.

प्रभूंचे रितेपण

संत पौलने यरुशलेममधील गरिबांसाठी वर्गणी गोळा केली, तेव्हा करिंथकरांसमोर त्याने मासेदोनियातील ख्रिस्ती मंडळींचे उदाहरण ठेवले. त्या मंडळी स्वतः दारिद्र्यात होत्या. तरीही देण्याची संधी मिळावी म्हणून त्यांनीच विनवणी केली होती. त्यानंतर तो मूळ कारणाकडे येतो : धनवान असूनही ख्रिस्त आपल्यासाठी निर्धन झाला. फिलिप्पै हे नगर त्याच मासेदोनियातले. देवपुत्राने स्वतःला रिते करून दासाचे रूप घेतले, ही शिकवण पौलने त्याच नगरातील मंडळीला लिहिली आहे. ख्रिस्ती औदार्य येथून उगम पावते. आपण दाते होण्यापूर्वी याचक आहोत. जे आपल्यापाशी आहे ते आधी आपणांस मिळालेले आहे, हे ओळखणे म्हणजे नम्रता. आणि ते पुढे जाऊ देणे म्हणजे औदार्य.

घेणाऱ्याची अब्रू

येथे आम्हांस आमची एक चूक कबूल करावीशी वाटते. २०२० च्या टाळेबंदीत आम्हीही धान्याच्या पिशव्या वाटल्या. हेतू चांगला होता. पिशवी देताना छायाचित्र काढण्याची पद्धत पडली होती आणि आम्ही ती विचार न करता पाळली. एका वृद्ध मातेने पिशवी घेताना पदर तोंडावर ओढला. तिला ऊन लागत असेल, असे आम्हांस त्या वेळी वाटले. ती सावलीत उभी होती, हे नंतर ध्यानी आले. तिच्या घरी तांदूळ पोचला खरा. पण त्याची किंमत आम्ही तिच्याकडून वसूल केली होती.

फ्रेडरिक ओझानाम या तरुण विद्यार्थ्याने १८३३ मध्ये सोबत्यांसह पॅरिस येथे सुरू केलेल्या संत विन्सेंट डी पॉल सोसायटीची रीत या बाबतीत अनुकरणीय आहे. सदस्य गरजूंना रांगेत उभे करीत नाहीत. ते स्वतः त्यांच्या घरी जातात, बसतात, ऐकून घेतात. कुटुंबाची माहिती गुप्त राखली जाते. सभेत थैली फिरते, तिच्यात कोणी किती टाकले हे शेजाऱ्यालाही कळत नाही. दान आणि दाता दोन्ही झाकलेले राहतात, म्हणून घेणाऱ्याची मान ताठ राहते.

वसईचे सुपुत्र

संत गोन्सालो गार्सिया यांचे जीवन वसईकरांना परके नाही. जपानात व्यापार करणाऱ्या या तरुणाने तो धंदा सोडला आणि मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात प्रवेश केला. धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधा बंधू म्हणून. पुढे जपानात दुभाषी या नात्याने ते इतरांचे शब्द पोचवीत राहिले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांनी क्रुसावर प्राणार्पण केले. १८६२ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना संत घोषित केले. प्रथम संपत्ती, मग मान, शेवटी प्राण, अशा क्रमाने त्यांनी आपला हात मोकळा केला.

आपण काय करावे?

सर्वांनाच एवढा त्याग करावा लागत नाही. तरीही काही गोष्टी प्रत्येकाच्या आवाक्यात आहेत. वर्षातून एखादे दान असे असावे की जे घरच्यांखेरीज कोणास कळणार नाही. घरातील नामकरण वा लग्नाच्या पंगतीत परत बोलावू न शकणारे एखादे कुटुंब असावे, आणि ते शेवटच्या रांगेत नव्हे तर आपल्या शेजारी बसावे. मदत नेताना घाई करू नये. पाणी दिले तर प्यावे. ज्याच्या घरी आपण देण्यास गेलो, त्याच्या हातून काही घेणे हीही नम्रताच आहे.

देणाऱ्याने कुठे बसावे, याचे उत्तर प्रभूंनी त्या भोजनाच्या वेळी दिले आहे. शेवटच्या जागेवर. तेथेच गरीब बसलेला असतो, आणि त्याच्याशेजारी प्रभूही. ती जागा आनंदाने स्वीकारण्याची कृपा आपणां सर्वांस लाभो.