हिरव्या दाढीचा शिपाई

घरी येणारे पाहुणे शोकेसकडे पाहून हमखास विचारतात, ‘नातवाची खेळणी वाटतं?’ मी म्हणतो, ‘नाही हो, माझी.’ मग जरा शांतता पसरते.

शोकेसमध्ये पोरसचं सैन्य आहे. इ.स.पू. ३२६ मध्ये झेलमच्या काठी सिकंदरासमोर उभं राहिलेलं. एकेक शिपाई धातूचा, उंचीला जेमतेम २८ मिलिमीटर. टेबलावर ही सैन्यं मांडायची, टेपने अंतर मोजायचं, फासे टाकायचे आणि लढाई खेळायची. एच. जी. वेल्ससारख्या लेखकाने १९१३ मध्ये अशा खेळाच्या नियमांचं पुस्तकच लिहिलं होतं. शिपाई मिळतात ते कोरे; रंगवायचे आपण. खरं सांगायचं तर माझा जीव खेळण्यापेक्षा रंगवण्यातच रमतो.

शिपाई औषधाच्या बाटलीच्या बुचावर चिकटवला, की रंगाला बोट लागत नाही. आधी अस्तर. मग रंग दुधाइतका पातळ करून लावायचा. घट्ट लावला तर नाक-डोळे बुजतात. मनगटं टेबलावर टेकलेली हवीत. वाळल्यावर पातळ तपकिरी रंग सोडला, की तो चुण्यांत साचून सावली तयार होते. एवढ्याशा वस्तूवर खऱ्या उजेडाची सावली पुरेशी उठत नाही, म्हणून ती आपणच रंगवायची.

माझे पहिले चाळीस धनुर्धारी भगव्या धोतरांत आणि सोनेरी मुकुटांत सजले होते. डोळ्यांसमोर कॅलेंडरवरचे महाभारतातले वीर! सिकंदराची बाजू रंगवणाऱ्या मित्राने विचारलं, ‘हे कुठून काढलंस?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हा एरियन वाचायला घेतला. हा दुसऱ्या शतकातला ग्रीक लेखक. पण त्याच्या हाताशी सिकंदराचा नौदलप्रमुख निआर्कस याचा वृत्तांत होता, आणि निआर्कस स्वतः इथे आलेला. तो सांगतो, भारतीयांचे कपडे पांढरेशुभ्र सुती. पोटरीपर्यंत अंगरखा, एक वस्त्र खांद्यावर, एक डोक्याला गुंडाळलेलं. धनुष्य माणसाएवढं उंच. ते जमिनीला टेकवून, डावा पाय लावून ओढायचं. आणि दाढ्या रंगवलेल्या! पांढऱ्या, निळ्या, तांबड्या, जांभळ्या, चक्क हिरव्यासुद्धा. परक्याने थोडं तिखटमीठ लावलंही असेल, पण माझ्या कॅलेंडरपेक्षा त्याची साक्ष बरी.

चाळीसही शिपाई थिनरमध्ये बुडवले. दोन महिन्यांचं काम रात्रीत धुऊन निघालं. त्या रात्री मी जेवताना फारसं बोललो नाही.

पांढरा रंग सगळ्यांत द्वाड. सरळ लावला तर शिपाई खडूत लोळल्यासारखा दिसतो. सुरुवात राखाडी-बदामी छटेने करायची आणि शुद्ध पांढरा फक्त चुणीच्या कडेला ठेवायचा. तेही करून झालं, तर कर्टियस हा रोमन इतिहासकार आडवा आला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे पावसाने जमीन इतकी निसरडी झाली होती, की ती लांब धनुष्यं टेकवताच येईनात. म्हणजे शुभ्र अंगरख्यांच्या काठांना पुन्हा चिखल!

हत्तींच्या बाबतीत मात्र इतिहासकारांनीच मला सूट दिली. एरियन दोनशे सांगतो, डायोडोरस एकशे तीस, कर्टियस पंच्याऐंशी. मी सहा रंगवले.

दाढ्या तीन निळ्या, दोन हिरव्या केल्या आहेत. मित्र पोट धरून हसला. मी एरियनचं पान त्याच्यापुढे सरकवलं. त्याने ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, ‘जांभळी राहिली की रे.’