पाळी येते, म्हणजे अंडं फुटतंच का?

वारी, लग्न, पूजा असली की पाळी पुढे ढकलायची गोळी कशी घ्यायची, हे पालखी मुक्कामाच्या नातेपुत्यात बायकांना सांगावं लागत नाही. पण पाळी आणि अंडं फुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सांगायला मात्र हवं. मूल हवं असणाऱ्या जोडप्यांची वर्षं याच घोटाळ्यात जातात.

गैरसमज : गोळीने पाळी आली, म्हणजे आता दिवस राहतील.
वस्तुस्थिती : अंडाशयातलं इस्ट्रोजेन गर्भाशयाचं अस्तर वाढवतं. अंडं फुटल्यावर तिथेच प्रोजेस्टेरॉन तयार होतं आणि ते ओसरलं की पाळी येते. अंडं फुटलंच नाही, तर प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. मग पाळी दोन-दोन महिने लांबते किंवा खूप अंगावर जाते. पाळी आणण्याच्या गोळीत प्रोजेस्टेरॉनसारखंच औषध असतं. ती थांबवली की रक्तस्राव होतो, पण त्यासाठी अंडं फुटावं लागत नाही. खात्री करायची तर पुढच्या पाळीच्या सुमारे 7 दिवस आधी प्रोजेस्टेरॉन तपासतात. चक्र 28 दिवसांचं असेल तर 21व्या दिवशी, 35 दिवसांचं असेल तर 28व्या. सगळ्यांना एकच 21वा दिवस लागू पडत नाही.

गैरसमज : पीसीओडी म्हणजे गाठी, त्या काढाव्याच लागतात.
वस्तुस्थिती : सोनोग्राफीत दिसतात त्या वाढ अर्धवट थांबलेल्या बीजांच्या पिशव्या. त्या काढायच्या नसतात. अशा स्त्रियांच्या रक्तातलं एएमएच हे हार्मोन बहुधा जास्तच असतं, म्हणजे बीजांचा साठा संपलेला नसतो. वजन जास्त असेल तर ते 5 ते 10 टक्के उतरलं तरी अनेकींचं अंडं आपसूक फुटू लागतं. 70 किलोच्या बाईसाठी हे साडेतीन ते सात किलो. पीसीओडी सडपातळ बाईलाही होतो.

गैरसमज : अंडं फुटत नाही, म्हणजे पीसीओडीच.
वस्तुस्थिती : ते सर्वांत मोठं कारण, पण एकमेव नाही. थायरॉइड बिघडलं, प्रोलॅक्टिन वाढलं किंवा वजन फार घटलं तरी अंडं फुटणं थांबतं. बीज वाढवणारं एफएसएच हे हार्मोन तपासणीत पुन्हा पुन्हा खूप वाढलेलं आलं, तर अंडाशयच वेळेआधी थकलेलं असू शकतं; तिथे अंडं वाढवायच्या गोळ्यांचा फारसा उपयोग नाही. म्हणून आधी तपासणी, मग औषध.

गैरसमज : लेट्रोझोल ही कॅन्सरची गोळी, तिच्यावर बंदी आहे.
वस्तुस्थिती : ती स्तनाच्या कर्करोगासाठी आली, हे खरं. वंध्यत्वासाठी तिच्या वापरावर भारतात 2011 साली बंदी आली, हेही खरं. पण 2017 मध्ये ती उठली. अमेरिकेत पीसीओएस (म्हणजे पीसीओडीच) असलेल्या 750 स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी 27.5 टक्के स्त्रियांना मूल झालं, तर क्लोमिफिन या जुन्या गोळीवर 19.1 टक्के, बाळांतल्या व्यंगांत ठळक फरक आढळला नाही. हे निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. आज पीसीओएसमध्ये पहिली पसंती लेट्रोझोललाच आहे. ही गोळी इस्ट्रोजेन थोडे दिवस कमी करते, मग मेंदू एफएसएच वाढवतो आणि बीज वाढीला लागतं. पाळीच्या सुरुवातीला बहुधा 5 दिवसच ती घेतात. गर्भ राहिलेला असताना मात्र ती चालत नाही, म्हणून मैत्रिणीच्या चिठ्ठीवर आणू नये.

गैरसमज : गोळ्या लागू पडल्या नाहीत, की थेट टेस्ट ट्यूब बेबी.
वस्तुस्थिती : मधली पायरी हार्मोनच्या इंजेक्शनांची. त्यात जुळी-तिळी राहण्याचा आणि अंडाशय फार सुजण्याचा धोका असतो, म्हणून सोनोग्राफीची देखरेख हवीच. टेस्ट ट्यूबची वेळ आलीच, तर केंद्र सहाय्यक प्रजननाच्या 2021च्या कायद्याखाली नोंदलेलं आहे का, ते विचारा.

अकलूज, बारामती किंवा पुण्याची वाट धरण्याआधी नवऱ्याची वीर्यतपासणी करून घ्या. ती स्वस्त आहे, तरी बहुतेक वेळा सगळ्यांत शेवटी होते. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर डॉक्टरांकडे जा. पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिन्यांतच. आणि पाळी महिनोन्‌महिने येतच नसेल, तर वाट पाहूच नका.